बुडी मारताना श्वास का धरायचा नाही?

खापरखेड्याहून मालवणला जायचे तर रस्त्याने हजारएक किलोमीटर पडतात. तरीही अलीकडे दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत नागपूरकडची बरीच कुटुंबे तिकडे जाऊ लागली आहेत. मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचे, तारकर्लीला राहायचे, देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या बेटावर उतरायचे आणि हिंमत असेल तर स्कूबाची बुडी मारायची, असा साधारण कार्यक्रम असतो. शाळांच्या सहलीही जातात. परत आलेली मुले वर्गात जे प्रश्न विचारतात त्यांत शार्क माशाचा प्रश्न हमखास असतो. खरा धोका मात्र शार्कपासून नसतो. तो आपल्याच छातीतल्या हवेपासून असतो, आणि त्याचे कारण नववी-दहावीच्या विज्ञानात बसण्यासारखे आहे.

आपल्या डोक्यावर हवेचा जो स्तंभ आहे त्याच्या दाबाला आपण एक वातावरण म्हणतो. समुद्राच्या पाण्याचा सुमारे दहा मीटर उंचीचा स्तंभ तेवढाच दाब देतो. म्हणून समुद्रात १० मीटर खाली एकूण दाब २ वातावरण, २० मीटरवर ३ आणि ३० मीटरवर ४ असतो. घाट उतरताना कानाला दडे बसतात हा अनुभव सर्वांना आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. तिथून कोकणात उतरताना हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात एक मीटरही खाली न जाता वाढतो. सबंध आंबोली घाट पुरुषभर पाण्यात मावतो असे म्हणायला हरकत नाही.

शरीराचा बराचसा भाग पाणीच आहे आणि पाणी दाबले जात नाही, त्यामुळे हातापायांना या दाबाचे काही वाटत नाही. प्रश्न येतो तो हवेच्या पोकळ्यांचा: मधला कान, चेहऱ्याच्या हाडांतील पोकळ्या आणि फुप्फुसे. बॉइलचा नियम आपण फळ्यावर लिहितोच. तापमान तेच असेल तर दाब दुप्पट झाल्यावर हवेचे घनफळ निम्मे होते. आता थोडे नीट पाहू. पृष्ठभागावरची एक लिटर हवा १० मीटरवर अर्धा लिटर होते, २० मीटरवर तिसरा हिस्सा, ३० मीटरवर चौथा. म्हणजे पहिल्या दहा मीटरांत घनफळ निम्म्याने बदलते, आणि २० ते ३० मीटरच्या टप्प्यात मूळ घनफळाचा फक्त बारावा हिस्सा. उथळ पाणी सुरक्षित आणि खोल पाणी धोक्याचे, हा आपला समज बुडण्याच्या बाबतीत बरोबर असेल, पण हवेच्या आकुंचन-प्रसरणाच्या बाबतीत सगळ्यात मोठी उलथापालथ वरच्या दहा मीटरांतच होते. आणि पर्यटकांची बुडी बहुधा तेवढ्यातच असते.

हे वर्गाला दाखवता येते. अर्धा मीटर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या, एक तोंड बुचाने पक्के बंद करा, आत स्केचपेनने रेघा मारलेली कागदाची पट्टी चिकटवा. उघड्या तोंडाशी दगड बांधून नळी तोंड खाली ठेवून दोरीने कठडा असलेल्या विहिरीत सरळ सोडा. दोरी शिक्षकाच्याच हातात असावी. पाण्याखाली तीन मीटर गेल्यावर वर काढा. शाई जिथपर्यंत फुटली असेल तिथपर्यंत पाणी चढले होते. गणिताप्रमाणे ते साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवे. पाच मीटर खोल पाणी असेल तर साडेसोळाच्या पुढे जाईल. उन्हाळ्यात आपल्याकडच्या विहिरींना तेवढे पाणी नसते, तेव्हा प्रयोग पावसाळा संपल्यावर करावा.

नळी किती लांब चालेल?

शत्रूपासून लपण्यासाठी नायक तळ्यात बुडून बोरूच्या नळीने श्वास घेतो, असे दृश्य सिनेमात पाहिलेले असते. मग नळी दोन मीटर लांब केली तर? फुप्फुसातली हवा नळीवाटे बाहेरच्या हवेशी जोडलेली, म्हणजे तिचा दाब एक वातावरण. छातीवर बाहेरून मात्र पाण्याचा जादा दाब. एक मीटर खोलीवर एक चौरस फूट छातीवर सुमारे ९० किलो वजन ठेवल्यासारखे होते. ते उचलून श्वास घेणे बरगड्यांच्या स्नायूंना जमत नाही. शिवाय लांब नळीत आपलीच उच्छ्वासाची हवा परत परत आत येते. म्हणून पोहणाऱ्यांची श्वसननळी हातभरच असते.

यावर एकच उपाय, तो म्हणजे आत घ्यायची हवा बाहेरच्या पाण्याइतक्याच दाबाने मिळाली पाहिजे. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता यांनी हे साधणारी झडप पाठीवरच्या टाकीला जोडली. गान्यांने आधी युद्धकाळातल्या पेट्रोलटंचाईत मोटारी गॅसवर चालवण्यासाठी तशीच झडप बनवली होती. आपण श्वास ओढला की झडप उघडते आणि त्या खोलीवर जेवढा दाब असेल तेवढ्या दाबाची हवा देते. टाकीत हवा सुमारे २०० वातावरण दाबाने भरलेली असते. १२ लिटरच्या टाकीत २४०० लिटर हवा मावते. १० मीटरवर प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागत असल्याने ती निम्म्या वेळात संपते.

वर्तमानपत्रांत याला सर्रास ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणतात, तेवढी चूक मुलांना जरूर दाखवावी. टाकीत साधी, कोरडी, गाळलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरू लागतो आणि आकडी येऊ शकते.

सवयीचा घात

आता मुख्य गोष्ट. कन्हानच्या डोहात किंवा विहिरीत सूर मारणारा मुलगा काठावर छाती भरून घेतो आणि श्वास धरून तळ गाठतो. खाली जाताना त्याच्या फुप्फुसातली हवा आकसते, वर येताना पुन्हा पहिल्याइतकी होते. पहिल्यापेक्षा जास्त कधीच होत नाही. म्हणून श्वास धरणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते, आणि त्यात फुप्फुसांना इजा नसते.

हाच मुलगा स्कूबाचे मुखपत्र तोंडात धरून दहा मीटरवर गेला तर तिथे त्याने घेतलेली पाच लिटर हवा दोन वातावरण दाबाची असते. घाबरून त्याने सवयीने श्वास धरला आणि हातपाय मारत वर आला, तर ती हवा पृष्ठभागावर दहा लिटर होऊ पाहते. तिला जागा कुठून मिळणार? फुप्फुसातील नाजूक वायुकोश फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूकडे जाणारी वाट अडवू शकतात. छाती पूर्ण भरलेली असेल तर दीड मीटरचा फरकही यासाठी पुरेसा ठरू शकतो. म्हणून पहिला नियम हा की श्वास कधीही धरायचा नाही, संथ लयीत घेत-सोडत राहायचे, आणि वर येताना तर हवा बाहेर जाऊच द्यायची. माझ्या मते पट्टीच्या पोहणाऱ्याला हा नियम नवशिक्यापेक्षा जास्त वेळा सांगितला पाहिजे.

कानाचे गणित उलट दिशेने लागते. तिथे त्रास खाली जाताना होतो. मधला कान घशाशी एका बारीक नलिकेने जोडलेला असतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की हवा कानात जाऊन पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. हे दर अर्ध्या-एक मीटरला करायचे, दुखू लागण्याची वाट पाहायची नाही. सर्दी असेल तर नलिका बंद असते. अशा वेळी कितीही पैसे भरलेले असोत, बुडी रद्द करावी. दमेकऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाली जाऊ नये, कारण त्यांच्या फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकून राहू शकते.

विहिरीतल्या मुलाला इजा नसते असे म्हटले ते फुप्फुसांपुरतेच. पैज लावून पाण्याखाली जास्त वेळ राहण्यासाठी काही मुले आधी भराभर दहा-वीस खोल श्वास घेतात. त्यांना वाटते ऑक्सिजन साठला. रक्त एरवीही ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलेच असते, त्यात फारशी भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. आणि ‘आता श्वास घे’ अशी जी तगमग होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. धोक्याची घंटाच काढून ठेवल्यासारखे झाले. पाच मीटर खाली दीडपट दाब असल्याने उरलासुरला ऑक्सिजन मेंदूला पुरतो. मुलगा वर येऊ लागला की तोच दाब एक तृतीयांशाने घटतो आणि पृष्ठभागापाशी येता येता त्याची शुद्ध हरपते. ना धडपड, ना आरोळी. खाणींच्या जुन्या खड्ड्यांत साचलेले पाणी, नदीचे डोह, विहिरी हे सगळे आपल्या भागात शाळेच्या हाकेच्या अंतरावर आहेत. समुद्राची सहल न काढणाऱ्या शिक्षकानेही एवढा भाग वर्गात सांगावा.

कोळशाच्या खाणीतून आलेले ज्ञान

पाणबुड्यांचा जो प्रसिद्ध आजार आहे, तो पहिल्यांदा समुद्रात नव्हे तर कोळशाच्या खाणीत नोंदला गेला. सिल्लेवाडा-वलनीच्या परिसरातील वाचकांना याचे अप्रूप वाटेल. फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी वाळूखाली कोळसा होता. वाळूत खणावे तर पाणी भरे. त्रिझे या अभियंत्याने लोखंडी नळकांड्यात दाबाची हवा भरून पाणी बाहेर रेटले आणि मजूर आत कोरड्यात खणू लागले. काम झाले, पण १८४१ मध्ये त्याने नोंदवले की बाहेर आल्यावर काहींच्या सांध्यांत असह्य कळा येतात. पुढे पुलांच्या पायांसाठी हीच युक्ती वापरली गेली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा प्रमुख अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच आजाराने अंथरुणाला खिळला आणि १८८३ मध्ये पूल पुरा होईपर्यंत त्याची पत्नी एमिली हिने कामावर देखरेख ठेवली.

कारण पॉल बेर याने १८७८ मध्ये दाखवले. दाब जास्त तितका वायू द्रवात जास्त विरघळतो. खोलवर श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. शरीर त्याचा काही उपयोग करत नाही. माणूस झटकन वर आला की सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते तेच शरीरात होते. बाटली सावकाश, थोडी थोडी उघडली तर फेस येत नाही, हेही मुलांना करून दाखवा, कारण उपाय त्यातच आहे.

तो उपाय आकड्यांत बसवला जॉन स्कॉट हॉल्डेन याने. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी न्यायला सुचवणारा शास्त्रज्ञ तो हाच. ब्रिटिश नौदलासाठी त्याने दाबाच्या खोलीत बकऱ्या ठेवल्या. सांधा दुखू लागला की बकरी पुढचा पाय उचलून धरी, एवढेच लक्षण त्याला पुरले. दाब एकदम निम्म्यावर आणला तर सहसा काही होत नाही, त्याहून जास्त उतरवला तर होते, असे त्याला आढळले. त्यावरून टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. आजची कोष्टके आणि मनगटावरचे संगणक याच कल्पनेवर उभे आहेत. साधारणपणे मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, असा आजचा रिवाज आहे. हॉल्डेनचा मुलगा जे. बी. एस. याने दुसऱ्या महायुद्धात स्वतःलाच दाबाच्या खोलीत कोंडून ऑक्सिजनच्या विषारीपणाचे प्रयोग केले. १९५७ मध्ये तो भारतात आला, येथील नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

मालवणला पर्यटक जी बुडी मारतो ती उथळ आणि थोड्या मिनिटांची असते, प्रशिक्षक पूर्णवेळ त्याला धरून असतो. नायट्रोजनचा त्रास होण्याइतका तो साठतच नाही. रीतसर शिक्षण घेऊन अठरा-वीस मीटरवर जाणाऱ्यांना मात्र हिशेब ठेवावा लागतो. किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळप्रदेश आहे. त्याचा माथाच वीसेक मीटर खाली आहे, आणि तिथून इस्पितळ दूर आहे.

होडीबद्दलही लिहिले पाहिजे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक दगावले. बुडी पार पडली, जीव गेले ते परतीच्या वाटेवर. तेव्हा होडीत पाय ठेवण्यापूर्वी तरंगजाकीट बांधायचे, ते किनारा लागेपर्यंत सोडायचे नाही आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसे दिसली तर पुढची होडी घ्यायची.

राहिला परतीचा प्रवास. विमानाच्या आत दाब सुमारे पाऊण वातावरण ठेवलेला असतो. म्हणजे समुद्रातून पृष्ठभागावर आल्यानंतर आपण आणखी ‘वर’ जातो आणि उरलेला नायट्रोजन पुन्हा बुडबुडे करू शकतो. एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. तो ६०० मीटरपेक्षा उंच ठिकाणांनाही लावतात. आंबोली घाट त्यात बसतो. नागपूर स्वतः तीनशे मीटरच्या आसपासच आहे, पण तिथे पोहोचण्यासाठी सह्याद्री चढावाच लागतो. म्हणून खोल बुड्या मारणाऱ्याने शेवटचा दिवस किल्ला पाहण्यासाठी मोकळा ठेवावा आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची धरावी.