ईईजी काढल्यावर मनातले कळते का? ब्रेन मॅपिंग, आठवणी आणि कायदा

फिट आली, वारंवार शुद्ध हरपली किंवा घरातल्या माणसाच्या वागण्यात अचानक फरक पडला, की डॉक्टर ईईजी काढायला सांगतात. चिठ्ठी हातात घेतल्यावर अनेक जण एक प्रश्न दबक्या आवाजात विचारतात, ‘डॉक्टर, यात मनातले सगळे दिसते का हो?’ काही जण तर याच भीतीने तपासणी पुढे ढकलतात. तोवर औषध सुरू होत नाही आणि मधल्या काळात पुन्हा फिट येऊ शकते.

या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण ही भीती आली कुठून आणि तिचा पुण्यातल्या एका खटल्याशी काय संबंध आहे, हे समजून घेतले तर ती जायला मदत होईल.

रुग्णालयातला ईईजी काय मोजतो?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना अतिशय सूक्ष्म विद्युतसंदेश देत असतात. टाळूवर साधारण वीसेक इलेक्ट्रोड लावून या लहरींची नोंद करतात. लहरींचा वेग, उंची आणि मध्येच येणारे टोकदार झटके पाहून डॉक्टरांना फिटचा प्रकार, झोपेची अवस्था, मेंदूवर आलेली सूज किंवा गुंगी यांचा अंदाज येतो.

आपल्या घराच्या मीटरवरून वीज किती वापरली ते कळते, पण टीव्हीवर कोणता कार्यक्रम चालू होता ते कळत नाही. ईईजीचेही काहीसे तसेच आहे. भांडण, कर्ज, प्रेम, गुपित यांतले काहीही त्या कागदावर उमटत नाही.

मग पोलिसांचे ‘ब्रेन मॅपिंग’ काय असते?

बातम्यांत ज्याला ब्रेन मॅपिंग म्हणतात, त्यातही ईईजीच्याच लहरी घेतात. फरक आहे तो त्यांचा अर्थ लावण्यात. ओळखीची किंवा महत्त्वाची गोष्ट समोर आली, की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठराविक लहर उठते. तिला ‘पी-३००’ म्हणतात. तपासाशी संबंधित चित्रे किंवा शब्द दाखवून ही लहर उठते का, ते पाहिले जाते.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेत चिकित्सा मानसशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले मानसशास्त्रज्ञ चंपदी रामन मुकुंदन यांनी आणखी एक चाचणी तयार केली. तिचे नाव ‘बीईओएस’. यात व्यक्तीने डोळे मिटून नुसते ऐकायचे असते, उत्तर द्यायचे नसते. ‘मी दुकानात गेले’, ‘मी ती वस्तू विकत घेतली’ अशी वाक्ये तिला ऐकवतात. जे स्वतः केले त्याची आठवण आणि जे नुसते ऐकून माहीत आहे ते ज्ञान, यांतला फरक लहरींवरून ओळखता येतो, असा या चाचणीचा दावा आहे.

पुण्यातला खटला

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणाच्या खुनाच्या खटल्यात एक तरुणी आणि तिचा साथीदार यांना जन्मठेप सुनावली. इतर परिस्थितिजन्य पुराव्यांबरोबर बीईओएस चाचणीचा अहवालही न्यायालयाने विचारात घेतला होता. ‘अनुभवातून आलेले ज्ञान’ असल्याचे हा अहवाल सांगतो, असे मानले गेले. या निकालाची चर्चा जगभरातल्या मेंदूशास्त्रज्ञांत झाली आणि त्यांतल्या अनेकांनी तीव्र आक्षेप घेतला.

त्याच वर्षी निमहान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरत नसल्याचा निष्कर्ष काढला. पुढे २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीची शिक्षा स्थगित करून तिला जामीन दिला.

तज्ज्ञांचा आक्षेप यंत्रावर नव्हता. लहरी खऱ्याच असतात. ‘ही लहर म्हणजे हे कृत्य केल्याची आठवण’ असा जो अर्थ लावला जातो, त्याला पुरेसा आधार नव्हता.

आठवण ही चित्रफीत नसते

समजा, लहानपणी तुम्ही मंडईत हरवला होतात, असे घरचे नेहमी सांगतात. गाळ्यांची गर्दी, रडणारे तुम्ही, हात धरून बसवणाऱ्या भाजीवाल्या मावशी. हे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर स्पष्ट उभे राहते. पण ते तुम्ही पाहिले म्हणून, की पन्नास वेळा ऐकले म्हणून? तुम्हाला स्वतःलाही खात्रीने सांगता येणार नाही.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी नेमके हेच तपासले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २४ जणांना त्यांच्या बालपणीच्या चार घटना वाचायला दिल्या. त्यांतल्या तीन नातेवाइकांनी सांगितलेल्या, खऱ्या होत्या. ‘तू मॉलमध्ये हरवला होतास’ ही चौथी रचलेली होती. तरीही साधारण चौथा हिस्सा लोकांना ती पूर्ण किंवा थोडीफार ‘आठवली’.

त्याआधी १९७४ मध्ये लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारले, ‘गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता?’ काहींच्या प्रश्नात ‘धडकल्या’ऐवजी ‘आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचा शब्द होता. आठवड्याने विचारले, ‘फुटलेली काच दिसली का?’ फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. पहिल्या गटातल्या ५० पैकी ७ जण ‘हो’ म्हणाले, दुसऱ्या गटातले ५० पैकी १६.

हे लोक खोटे बोलत नव्हते. आपण आठवतो तेव्हा मेंदू ती गोष्ट पुन्हा जुळवतो. त्या जुळणीत नंतर ऐकलेले, वाचलेले, घाबरून कल्पिलेलेही मिसळते. ज्याच्यावर आरोप आहे, त्याने पोलिसांकडून, वकिलांकडून, वर्तमानपत्रांतून तीच हकीकत कितीतरी वेळा ऐकलेली असते. मग नुसत्या लहरीवरून ‘केले’ आणि ‘ऐकले’ वेगळे कसे काढायचे?

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट केले:

- नार्को, लाय डिटेक्टर किंवा ब्रेन मॅपिंग कोणावरही सक्तीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये, हा घटनेच्या कलम २० (३) मधला हक्क आहे.
- लाय डिटेक्टरसाठी २००० साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नियम घालून दिले होते. तशीच काळजी या सर्व चाचण्यांत घ्यायला हवी. म्हणजे वकील मिळायला हवा, परिणाम समजावून सांगायला हवेत आणि संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायला हवी.
- संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतःहून पुरावा ठरत नाही. मात्र त्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती पुरावा म्हणून येऊ शकते.

तुम्ही काय करावे?

*ईईजी सांगितला असेल तर:* तो जरूर काढा. आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. फिटच्या गोळ्या मनाने बंद करू नका. कमी झोपून या असे सांगितले असेल, तर ते पाळा. तपासणी दुखत नाही आणि शॉकही देत नाहीत.

*मानसोपचाराबद्दल शंका असेल तर:* मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क तुम्हाला आहे. कोणाच्या जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश असणे, असे मोजकेच अपवाद आहेत.

*घरातल्या कोणाला पोलिसांनी अशा चाचणीबद्दल विचारले तर:* वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही सही करू नका. ‘नाही’ म्हणता येते. स्त्रिया, मुले, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्या व्यक्तीला फिट, दमा, हृदयविकार किंवा मानसिक आजार असेल, तर औषधांच्या नावांसह लेखी कळवा. नार्कोमधल्या भुलीच्या औषधाने श्वास मंदावू शकतो आणि रक्तदाब उतरू शकतो.

*घरात कोणी अपघात किंवा गुन्हा पाहिला असेल तर:* जे आठवते ते लवकरात लवकर स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवायला सांगा. ‘गाडी लालच होती ना?’ असे न विचारता ‘काय दिसले?’ असे विचारा. आठवत नसेल, तर ‘आठवत नाही’ हे उत्तरही खरेच असते. मुलांकडून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. झोप उडाली, तो प्रसंग सारखा डोळ्यांसमोर येऊ लागला आणि हे महिनाभरानंतरही थांबले नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

ईईजीच्या कागदावर आजाराच्या खुणा शोधतात, माणसाची गुपिते नाहीत. त्या भीतीपायी तपासणी टाळू नका.