काळ्या पाण्यावरचा शेतकरी



काळे पाणी म्हटले की आपल्याला अंदमान आठवते. पण इंग्रज सरकार स्वतःच्या मुलखातले कैदीही असेच समुद्रापार धाडीत असे. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६०,००० कैदी ऑस्ट्रेलियात नेले गेले. त्यांतल्याच एका शेतकऱ्याची ही हकीकत.

जेम्स रूस हा इंग्लंडातल्या कॉर्नवॉल परगण्याचा. १७८२ साली घरफोडीबद्दल त्याला फाशी सुनावली गेली. पुढे ती बदलून सात वर्षे हद्दपारीची झाली. १७८८ च्या जानेवारीत तो कैद्यांच्या पहिल्या ताफ्याबरोबर सिडनीला उतरला.

तिथे सगळ्यांच्याच पोटाचे हाल होते. बरोबर आणलेले बियाणे खराब निघाले, जमीन हलकी, आणि शेती जाणणारे थोडे. सारी वस्ती जहाजाने येणाऱ्या शिध्यावर जगत होती. मुदत भरताच रूसने गव्हर्नर फिलिपकडे जमीन मागितली. नोव्हेंबर १७८९ मध्ये त्याला परामाटा येथे दीड एकर साफ जमीन, झोपडी, अवजारे आणि बी मिळाले. ही भूमी मुळात धरुग आदिवासींची. त्यांना कोणी विचारले नाही.

रूसजवळ ना बैल, ना शेणखत. मग त्याने काय केले? तोडलेली झाडे जाळून राख मातीत मिसळली. सरकारी शेतावर नुसती वरवर उकरणी होई; हा मात्र दिवसाला दोन-सव्वादोन गुंठेच खणी, पण नीट खणी. ढेकळे फोडून तण खाली गाडायचा, जमीन उन्हावाऱ्यात तापू द्यायचा आणि पेरणीआधी पुन्हा उलटायचा.  काड खड्ड्यात पुरून कुजवायचा त्याचा बेत होता.

फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याने सरकारी शिधा घेणे बंद केले. पुढे ३० एकरांची सनद त्याच्या नावे झाली; त्या वसाहतीतली ही पहिलीच.

त्याचे सारे आयुष्य सुखात गेले असे नाही. १७९३ साली त्याने ते शेत ४० पौंडांना विकले. नंतर हॉक्सबरी नदीकाठी केलेल्या शेतीला पुरांनी छळले. १८३७ साली तो वारला.

तेव्हा मंडळी, यंदा पाचट आणि धसकटे पेटवण्याआधी या कैद्याचा खड्डा आठवा. राख एकदाच उपयोगी पडते. कुजलेले काड मात्र मातीचा कस वाढवते.