डाय झिजते ती तापमानाने

मोटारीच्या क्रँकशाफ्टसाठी पोलादाचा तुकडा सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि दोन डायच्या, म्हणजे साच्यांच्या, मध्ये दाबून त्याला आकार देतात; हेच फोर्जिंग. १९६१ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत फोर्जचं नाव जगभर पोचलं ते अशाच क्रँकशाफ्ट आणि फ्रंट अ‍ॅक्सलच्या जोरावर. बघणाऱ्याची नजर तापलेल्या तुकड्यावर, म्हणजे जॉबवर, खिळते. पण फोर्जिंगच्या खर्चाचा मोठा हिशेब डाय किती टिकली यावर ठरतो.

या डाय बहुधा एच-१३ जातीच्या पोलादाच्या असतात. त्यात सुमारे पाच टक्के क्रोमियम आणि जोडीला मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम. काम सुरू करण्याआधी त्या दीडशे ते तीनशे अंशांपर्यंत गरम करून घ्याव्या लागतात, नाहीतर पहिल्या दणक्यांतच तडकण्याचा धोका. तापलेला जॉब टेकताच डायचा पृष्ठभाग क्षणभर सहाशे अंशांच्याही वर जातो, आणि लगेच त्यावर पाण्यात कालवलेल्या ग्रॅफाइटचा फवारा बसतो. तापणं-निवणं हजारो वेळा झालं की पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं उमटतं.

भेगा दिसतात, मऊपणा दिसत नाही, आणि तोच जास्त घातक. एच-१३ला टेम्परिंग देतात, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा तापवतात, ते साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांना. पृष्ठभाग पुन्हापुन्हा त्यापुढे गेला की डायचा कडकपणा उतरू लागतो. आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडलेल्या नियमानुसार झीज दाब आणि घसरण्याच्या अंतराबरोबर वाढते, कडकपणाबरोबर घटते. फोर्जिंगमध्ये हा कडकपणाच उष्णतेने हलतो. त्यात जॉबवर धरलेली ऑक्साइडची खपली सँडपेपरसारखी घासते. जादा धातू जिथून फ्लॅश होऊन बाहेर पडतो ती अरुंद वाट आणि आतले तीव्र कोपरे आधी खलास होतात.

डायमध्ये किती उष्णता शिरते हे घडवण्याच्या यंत्रावरही ठरतं, हॅमर की प्रेस. हॅमरचा घाव प्रेसपेक्षा भयंकर वाटतो खरा, पण त्यात जॉब डायला काही मिलिसेकंदच चिकटून राहतो. प्रेसमध्ये हा स्पर्श लांबतो आणि तेवढी जास्त उष्णता डायमध्ये शिरते.

मग पोलाद थंडच का घडवू नये? बोल्ट तसेच घडतात. तिथे खपली नाही, पण धातू हटवादी: डायवर दर चौरस सेंटिमीटरला वीस टनांपर्यंत दाब येतो, जॉबचा नवा उघडा धातू डायला चिकटून ओरखडे काढतो. १९३४च्या सुमारास जर्मनीत फॉस्फेटचा थर देण्याची युक्ती निघाली आणि पोलादाचं थंड फोर्जिंग व्यवहारात आलं. या थरावर साबणाचं वंगण चांगलं धरतं. इथली डाय अनेकदा झिजण्याआधीच थकून तडकते, म्हणून टंगस्टन कार्बाइडची डाय पोलादी कड्यांत घट्ट आवळून बसवतात.

साडेसहाशे ते नऊशे अंशांचं वॉर्म फोर्जिंग हा मधला मार्ग. खपली कमी, दाबही आटोक्यात; मोटारींच्या सीव्ही जॉइंटचे भाग असेच घडवतात. मात्र साबण या तापाला टिकत नाही, ग्रॅफाइटकडे वळावं लागतं, आणि डायला उष्णता व दाब दोन्ही सोसावे लागतात. नायट्रायडिंगने, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून, तिच्यावर मिलिमीटरच्या काही दशांश जाडीचा कडक थर येतो. तरीही फवाऱ्याचा एखादा नोझल तुंबला, तर डायच्या त्या भागाला वंगण आणि गारवा दोन्ही मिळत नाहीत, आणि तो कोपरा बाकीच्या डायच्या कितीतरी आधी निकामी होतो.