पुस्तकाला चिठ्ठी कोणी लावायची?

२००६ साली अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना नऊ आठवड्यांचा गृहपाठ दिला. हेलीन ब्लोअर्स यांनी आखलेल्या या उपक्रमात छोटी छोटी २३ कामे होती. फ्लिकरवर छायाचित्र चढवा, चित्रांची गंमत करणारे एखादे ऑनलाइन साधन वापरून बघा, लायब्ररीथिंगवर स्वतःची थोडी पुस्तके नोंदवा. वर्ग नाही, परीक्षा नाही. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पुस्तके लावणाऱ्यांना घरचे कपाट लावायला सांगण्यात थोडा मिश्कीलपणाही होता.

लायब्ररीथिंग हे पुस्तकनोंदणीचे संकेतस्थळ तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. टिम स्पॉल्डिंग यांनी ते २००५ मध्ये सुरू केले. तिथे पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक टाकला की ग्रंथालयांच्या संगणकांना झेड ३९.५० नावाच्या ठरलेल्या भाषेत विचारणा जाते आणि शीर्षक, लेखक, प्रकाशक अशी तयार नोंद परत येते. या क्रमांकाचा शेवटचा अंक राखणदार असतो. तेरा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे. बेरजेला १० ने भाग गेला पाहिजे. एखादा अंक चुकला की बेरीज फिसकटते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही बहुधा पकडली जाते, पण त्यांच्यात ५ चा फरक असेल, म्हणजे २ आणि ७ असे, तर चूक सहीसलामत निसटते. जुन्या दहा अंकी क्रमांकात भागाकार ११ ने होता, त्यामुळे ही पळवाट नव्हती. २००७ पासून जगभरच्या दुकानी बारकोडशी जुळवून घेताना ती उघडली.

क्रमांकाचे गणित नेमके आहे, विषयाचे नाही. ग्रंथालयांतल्या ड्युईच्या वर्गीकरण पद्धतीत पुस्तकाची जागा ग्रंथपाल ठरवतो, आणि फळीवर एका प्रतीला एकच जागा मिळते. लायब्ररीथिंगवर वाचक स्वतःच्या शब्दांत जी चिठ्ठी लावतो, त्या टॅगला फळी नसते. एकच पुस्तक कोणासाठी ‘इतिहास’, कोणासाठी ‘प्रवासात वाचलेले’, कोणासाठी ‘आजोबांचे’. यातला शेवटचा टॅग इतरांच्या काही उपयोगाचा नाही. मात्र शेकडो लोकांनी लावलेले टॅग मोजले की खासगी शेरे तळाशी जातात आणि सगळ्यांना सुचलेले शब्द वर तरंगतात. थॉमस व्हँडर वाल यांनी २००४ मध्ये या लोकवर्गीकरणाला ‘फोक्सॉनॉमी’ म्हटले.

याची मोठी कसोटी लागली ती छायाचित्रांवर. जानेवारी २००८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली जुनी छायाचित्रे फ्लिकरवर ठेवली. त्यांत १९१० च्या आसपासची, बेन या वृत्तसंस्थेची चित्रे होती. अनेक चित्रांखाली नुसते आडनाव, तेही कधी चुकीचे. लोकांनी जुनी वर्तमानपत्रे धुंडाळून माणसे आणि प्रसंग ओळखून काढले. ऑक्टोबरपर्यंत ४,६१५ चित्रांवर ६७,१७६ टॅग पडले. अयोग्य म्हणून काढून टाकावे लागलेले मजकूर पंचवीसही नव्हते. मला मात्र टॅगांच्या संख्येहून मोलाचा वाटतो तो एक लहान आकडा: मूळ तालिकेतल्या पाचशेहून अधिक नोंदी सुधारल्या गेल्या. टॅग कोणीही लावावा, पण तालिकेत शिरण्याआधी माहिती तपासली ग्रंथालयाच्याच माणसांनी. गर्दीने सुचवायचे, जाणकाराने पारखायचे, ही वाटणी मला कोणत्याही एकट्या पद्धतीपेक्षा शहाणपणाची वाटते.

मराठी वाचकाने हे करून पाहिले की पहिली अडचण कपाटातच भेटते. आयएसबीएनची पद्धत येण्याआधीच्या पुस्तकांवर क्रमांकच नाही. परदेशी ग्रंथालयांतल्या मराठी नोंदी बऱ्याचदा रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि टिंबे देऊन केलेल्या असतात; देवनागरीत शोधले तर त्या हाती लागतीलच असे नाही. टॅगांचेही तसेच. ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’ आपल्याला एक, संगणकाला दोन. लायब्ररीथिंगवर अशा वेगवेगळ्या लिहिलेल्या लेखक-नावांना किंवा एकाच पुस्तकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांना एकत्र जोडण्याची सोय आहे, आणि ते काम सदस्यच करतात.