दोनशे वर्षांपूर्वीचा अंक, आजच्या मोबाइलवर

५ मार्च १८०३ रोजी सिडनीत चार पानांचे एक वर्तमानपत्र निघाले. नाव ‘सिडनी गॅझेट’. ऑस्ट्रेलियातले हे पहिलेच वर्तमानपत्र. छापणारा जॉर्ज हाऊ हा इंग्लंडमधून शिक्षा म्हणून समुद्रापार धाडलेला कैदी. छापखाना लाकडी आणि कागदाची कायम टंचाई, इतकी की मिळेल त्या कागदावर अंक काढावा लागे. तोच अंक आज परभणीत किंवा पणजीत बसून कोणीही मोबाइलवर उघडतो, पान हवे तेवढे मोठे करतो, त्यातला एखादा शब्द शोधतो. यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

ही किमया ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळाची. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते उभारले. तिथे आज वर्तमानपत्रांची दोन कोटींहून अधिक पाने वाचायला खुली आहेत.

वर्तमानपत्र हे मुळात दुसऱ्या दिवशी रद्दीत जाण्यासाठी छापलेले असते. त्यातही नवल असे की १८०३ चा कागद बऱ्याचदा १९०३ च्या कागदापेक्षा दणकट निघतो. जुना कागद सुती आणि लिननच्या चिंध्यांच्या लगद्याचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त लाकडी लगदा आला. त्यातले लिग्निन आणि आम्ल कागदाला आतून खाते. पान पिवळे पडते आणि घडीवर तुटते. म्हणून ग्रंथालयांनी आधी या पानांची मायक्रोफिल्म काढून ठेवली. पुढे त्याच फिल्मवरून स्कॅनिंग झाले.

पण स्कॅन म्हणजे नुसते छायाचित्र. त्यात शब्द शोधता येत नाही. त्यासाठी संगणकाला अक्षरे ओळखायला लावतात आणि प्रत्येक शब्द पानावर नेमका कुठे आहे याचीही नोंद ठेवतात. शोधलेला शब्द पानावर ठळक होऊन दिसतो तो या नोंदीमुळे. गाडी अडते ती जुन्या छपाईपाशी. १८०३ च्या इंग्रजी टंकात ‘एस’चे एक लांब रूप होते, थेट ‘एफ’सारखे दिसणारे. त्यामुळे संगणक ‘फर्स्ट’ला ‘फर्फ्ट’ आणि ‘शिप’ला ‘फिप’ वाचतो. मग ‘शिप’ शोधणाऱ्याला ती बातमी सापडतच नाही. पान जतन झालेले असते, पण वाचकाच्या लेखी ते हरवलेलेच.

यावर ग्रंथालयाने धाडसी उपाय केला. २००८ मध्ये ही वर्तमानपत्रे प्रथम खुली केली तेव्हाच चुका दुरुस्त करण्याची मुभा थेट वाचकांना दिली. एका बाजूला मूळ पान, दुसऱ्या बाजूला संगणकाने वाचलेली ओळ. चूक दिसली की सुधारायची आणि जतन करायची. जाहिरात नाही, मानधन नाही. तरी पहिल्या सहा महिन्यांतच वाचकांनी सुमारे २० लाख ओळी सुधारल्या. कोणी पणजोबांचे जहाज शोधत आले होते, कोणी आपल्या गावाचा इतिहास. काम झाल्यावरही ते थांबले आणि पुढच्या अनोळखी माणसासाठी ओळी सुधारत बसले. जुने दुष्काळ आणि पूर अभ्यासणाऱ्या हवामान संशोधकांनाही आज याच पानांचा आधार होतो.

लोकांनी श्रम दिले, तरी स्कॅनिंग, सर्व्हर आणि माणसांचे पगार यांना पैसा लागतोच. काही गावांनी आपल्या जुन्या वर्तमानपत्रासाठी निधी जमवला. मुख्य भार मात्र सरकारी तिजोरीवर, आणि तिथे ओढाताण झाली. २०१६ मध्ये कपातीची कुऱ्हाड आली तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि तात्पुरती मदत मिळाली. २०२३ च्या सुरुवातीला तर ट्रोव्ह बंद पडते की काय अशी वेळ आली. पुन्हा लोक उभे राहिले. त्या एप्रिलमध्ये सरकारने चार वर्षांसाठी ३.३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर केले आणि त्यानंतर दरवर्षी ९२ लाख डॉलर, तेही महागाईनुसार वाढणारे.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा आहे तो हा शेवटचा भाग. एखाद्या प्रकल्पाला एकदाच अनुदान मिळते, उद्घाटन होते आणि पुढे सर्व्हरचे भाडे थकते. डिजिटल ठेवा असाच मरतो. फाइल टिकवायची तर दरवर्षी तिची देखभाल हवी, म्हणजे दरवर्षी तरतूद हवी. ऑस्ट्रेलियाच्या वाचकांनी ती भांडून मिळवली.

ट्रोव्ह जगभरच्या वाचकांना खुले आहे. आज रात्री त्यावर जुन्या इंग्रजी स्पेलिंगने ‘बॉम्बे’ किंवा ‘पूना’ शोधून पाहा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तारेने तिकडे पोहोचलेल्या आपल्या मुलखातल्या बातम्या समोर येतील. वाचताना एखादी ओळ चुकलेली दिसली, तर ती दुरुस्त करूनच पुढे जा.