कोठीवाल्या हवालदाराचा हिशेब

मराठी माणसाची काशी घाटांवर सुरू होते आणि घाटांवरच संपते. फार तर तो भदैनीला जाऊन मणिकर्णिका तांब्यांचं, म्हणजे पुढच्या झाशीच्या राणीचं, जन्मस्थान बघतो, गंगेचा गडू भरून घेतो आणि गाडी पकडतो. तिथून सुमारे पाऊणशे किलोमीटरवरच्या गाझीपुराकडे कोणी वळत नाही. या जिल्ह्यातल्या धामूपूर गावी 1 जुलै 1933 रोजी अब्दुल हमीद जन्मला. वडील मोहम्मद उस्मान, आई सकीना बेगम, घरचा धंदा शिवणकामाचा. मुलगाही शिवायला बसे, पण जीव रमायचा तो कुस्तीत, लाठीत आणि नेमबाजीत. 27 डिसेंबर 1954 रोजी तो वाराणसीत फौजेत भरती झाला. काशीशी त्याचा संबंध एवढाच, पण त्याच्या पुढच्या अकरा वर्षांची सुरुवात तिथे आहे.

राजस्थानातल्या नसिराबादला ग्रेनेडियर्सच्या केंद्रात शिकून तो चौथ्या पलटणीत गेला. 1962 मध्ये ही पलटण ब्रिगेडियर जॉन दळवींच्या सातव्या ब्रिगेडमध्ये, नामका चू नदीवर होती. तिथे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. चिनी हल्ल्यात ब्रिगेड मोडली, दळवी कैद झाले आणि हमीदची पलटण भूतानमधून पायपीट करत मिसामारीला पोहोचली. पाठ्यपुस्तकं हे पान गाळतात. मला मात्र ते गाळता येत नाही, कारण तीनच वर्षांनी खेमकरणला उभी राहिली ती हीच पराभव पचवलेली पलटण.

हमीदचा हुद्दा कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. साध्या मराठीत सांगायचं तर कंपनीचा कोठीवाला. शिधा, कपडे, घोंगड्या यांचा चोख हिशेब ठेवायचा आणि त्यावरून शिव्याही खायच्या. पण कोठीत येण्याआधी त्याने काही वर्षं रणगाडाविरोधी तुकडीत काढली होती आणि 106 मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेवर पलटणीत त्याच्या तोडीचा नेमबाज नव्हता. 1965 मध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटलं तेव्हा त्या तुकडीचा प्रमुख जागेवर नव्हता, म्हणून हमीदला कोठीतून तोफेवर बोलावलं.

ही तोफ समजून घेतल्याशिवाय त्याचं धाडस कळत नाही. गोळा सुटतो तेव्हा जळत्या वायूचा मोठा झोत मागच्या तोंडातून बाहेर पडतो, त्यामुळे तोफेला मागे धक्का बसत नाही आणि ती साध्या जीपवर चढवता येते. सोय मोठी, पण किंमतही तशीच. तो झोत मागे धुळीचा लोट उठवतो आणि शत्रूला जागा दिसते. म्हणून एक गोळा टाकायचा, जीप हलवायची, मग दुसरा. जीपला चिलखत नाही. समोर चाळीस टनांहून जड पॅटन रणगाडा, अमेरिकेने पाकिस्तानला मदत म्हणून दिलेला.

सप्टेंबर 1965 मध्ये आपली चौथी डोंगरी डिव्हिजन खेमकरणहून मागे सरून असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात बसली. चीमा गावाजवळ, ऊस-कापसाच्या रानात, 4 ग्रेनेडियर्सची जागा होती. 8 तारखेला पॅटन आले तेव्हा खंदक पुरते खणूनही झाले नव्हते. आपल्या लोकांनी कालवे फोडून शेतात पाणी सोडलं, सुरुंग पेरले. चिखलात रुतलेले पॅटन पुढे अनेकांनी पाहिले.

आता हिशेबाकडे येऊ. पलटणीच्या सांगण्याप्रमाणे हमीदने 9 तारखेपर्यंत चार रणगाडे फोडले होते आणि त्यासाठी परमवीर चक्राची शिफारस त्याच संध्याकाळी रवाना झाली होती. 10 तारखेला त्याने आणखी तीन फोडले, म्हणजे सात. काही जण आठ सांगतात. सरकारी मानपत्र मात्र 10 सप्टेंबरच्या सकाळचंच बोलतं: आघाडीचा एक उडवला, जागा बदलून दुसरा पेटवला, तिसऱ्यावर मारा चालू असताना त्याला प्राणघातक गोळा लागला. कोणता आकडा खरा? मला सात पटतो. रणांगणावर जो तिथे असतो त्याचा शब्द मी कागदाच्या आधी धरतो. तरी पोवाड्यातला एकटा हमीद मला खटकतो. जीपवर त्याचे सोबती होते, मागे आपला तोफखाना होता, आणि बाजूला शेरमन रणगाड्यांची डेक्कन हॉर्स होती. तिचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, आपल्या अलिबागचे. याच लढाईसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. पुढे ते लष्करप्रमुख झाले आणि 1986 मध्ये पुण्यात त्यांची हत्या झाली. मराठी घरांत वैद्य आठवतात. त्याच रानातला गाझीपूरचा शिंपी त्यांच्याबरोबर आठवला तर बरं.

घरच्यांच्या आठवणीत एक रात्र आहे. हमीद रजा अर्धी टाकून निघाला तेव्हा वळकटीची दोरी तुटली. पत्नी रसूलन बीबींना तो अपशकुन वाटला, आज जाऊ नका म्हणाल्या. तो निघालाच. वाटेत सायकलची साखळीही तुटली.

16 सप्टेंबरला परमवीर चक्र जाहीर झालं. 26 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून रसूलन बीबींनी ते घेतलं. त्या कांस्यपदकावरचं वज्राचं चिन्ह सावित्रीबाई खानोलकरांच्या हातचं. जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी, आणि दधीचीच्या हाडांची कथा मनात ठेवून त्यांनी ते रेखाटलं. राही मासूम रझा हेही गाझीपूरचेच. त्यांनी हमीदचं चरित्र लिहिलं आणि नाव ठेवलं ‘छोटे आदमी की बड़ी कहानी’. 2000 साली तीन रुपयांचं टपाल तिकीट निघालं, त्यावर जीप आणि तोफ दोन्ही आहेत.

रसूलन बीबी ऑगस्ट 2019 मध्ये गेल्या. दरवर्षी 10 सप्टेंबरला धामूपूरच्या स्मारकापाशी माणसं जमतात. कबर मात्र तिथे नाही. ती पंजाबात, असल उत्तरच्या रानात आहे.