दातांची तार बिघडली, तर दाद कुठे मागायची?

दातांना तार लावण्याचं काम दीड-दोन वर्षं चालतं. एकदा ऑपरेशन झालं, टाके निघाले, घरी आलो, असं ते नसतं. दर महिन्याला खुर्चीत बसायचं, तार आवळून घ्यायची, हप्ता भरायचा. म्हणूनच काही बिघडलं तर ते नेमकं कधी बिघडलं हे रुग्णाला सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात, "अजून दोन महिने थांबा." आईवडील थांबतात. मुलगी आरशात बघते, वरचे दात हलतायत असं सांगते आणि घरात पहिल्यांदा प्रश्न निघतो: आता केस करायची का?

नंदुरबार जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक गाठ आहे. मोठ्या दवाखान्यासाठी गाडीत बसून सुरत गाठणं ही इथली जुनी रीत. डॉक्टर गुजरातचा, रुग्ण महाराष्ट्राचा; मग तक्रार कुणाकडे? त्याचं उत्तर बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. ते पुढे येईलच. त्याआधी एक अवघड प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

चूक, की फक्त मनासारखं न होणं?

दात मनासारखे सरळ झाले नाहीत एवढ्यावर कायदा डॉक्टरला दोषी धरत नाही. त्याच शिक्षणाच्या दुसऱ्या सावध डॉक्टरने जे केलं असतं ते या डॉक्टरने केलं का, एवढंच न्यायालय बघतं. तार काढल्यावर दात पुन्हा थोडे सरकणं हे नेहमीचं आहे. त्यासाठीच नंतर रिटेनर वापरायला सांगतात. तो डब्यात पडून राहिला असेल तर दोष डॉक्टरचा नाही. दात नीट न घासल्यामुळे तारेच्या ठोकळ्यांभोवती पांढरे डाग पडले असतील, चार-चार महिने तपासणी चुकवली असेल, तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी तेच मांडेल.

दातांच्या मुळांची टोकं थोडी झिजणं हादेखील या उपचाराचा माहीत असलेला धोका आहे, चांगल्या डॉक्टरच्या हातूनही तो उद्भवतो. मात्र ती झीज वाढतेय का हे मध्येच एक्स-रे काढून पाहिलं नसेल, किंवा दिसूनही ताण तसाच चालू ठेवला असेल, तर ती धोक्याची गोष्ट राहत नाही, हलगर्जीची होते. हा फरक ओळखणं दुसऱ्या तज्ज्ञाशिवाय जवळजवळ अशक्य आहे.

पालशेतचा अपघात आणि तीन कर्तव्यं

डॉक्टरच्या जबाबदारीचं भारतातलं मोजमाप आजही ज्या निकालावरून सांगितलं जातं, तो मराठी माणसांचा खटला आहे. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याचे वडील स्वतः दापोलीचे डॉक्टर. मुलाला पुण्याला नेलं आणि तिथल्या रुग्णालयात तो दगावला. वडिलांनी दिवाणी दावा लावला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2 मे 1968 रोजी निकाल वडिलांच्या बाजूने लागला. भरपाई होती 3,000 रुपये. पंधरा वर्षांच्या लढ्यापुढे ही रक्कम काहीच नव्हे, पण त्या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्यं पक्की केली: हा रुग्ण हाती घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं, कुठला उपचार द्यायचा हे काळजीपूर्वक ठरवणं, आणि तो काळजीपूर्वक देणं. सर्वांत वरचं कौशल्य अपेक्षित नाही, अगदी खालचंही चालणार नाही, वाजवी हवं.

दातांच्या तारेला ही तीन कर्तव्यं लावून पाहा, तुमची तक्रार कुठे बसते ते कळेल.

रुग्ण हाती घेणं. दंतवैद्यकाची पदवी बीडीएस. दात सरळ करण्याच्या शाखेत पुढे तीन वर्षांचं एमडीएस करणारे त्या विषयाचे तज्ज्ञ. बीडीएस डॉक्टरने तार लावणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. पण जबडाच पुढे-मागे असलेली अवघड केस आपल्या आवाक्याबाहेरची असताना ती ठेवून घेणं, किंवा तज्ज्ञ नसताना पाटीवर तसं लिहिणं, हे पहिल्या कर्तव्याला चुकणं आहे. नोंदणीच नसलेला माणूस असेल तर प्रश्न आणखी सरळ होतो: ज्या वैद्यकाची पात्रताच नाही ते करणं हीच हलगर्जी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पूनम वर्मा खटल्यात म्हटलं आहे.

उपचार ठरवणं. तार लावण्यापूर्वी साधारणपणे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, चेहऱ्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे, दातांचे प्लास्टरचे साचे आणि फोटो घेतात. यातलं काहीच न घेता पहिल्याच भेटीत ठोकळे चिकटवले असतील तर योजना कशावर आखली, हा प्रश्न, जिथे ही तक्रार जाते त्या ग्राहक आयोगापुढे, फार वजनदार ठरतो. माझ्या मते आपल्या भागात एक प्रश्न सक्तीचा असायला हवा: सिकलसेल, म्हणजे आदिवासी भागात जास्त आढळणारा रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे का? जागा करण्यासाठी कधी दोन, कधी चार दात काढतात आणि या आजारात दात काढताना वेगळी काळजी लागते. नंदुरबारमध्ये बसून हा प्रश्न न विचारणाऱ्या डॉक्टरला बचाव सापडणं कठीण आहे.

उपचार देणं. इथली सर्वांत उघड चूक म्हणजे भलताच दात काढला जाणं. डॉक्टर दातांना आकड्यांनी ओळखतात. 14 म्हणजे वरच्या उजव्या बाजूची पहिली उपदाढ, 24 वरच्या डाव्या बाजूची. चिठ्ठीवर 14 लिहिलं असेल आणि तोंडात पोकळी 15 च्या जागी असेल, तर फार मोठ्या तज्ज्ञाची गरज उरत नाही. चूक स्वतःच बोलते, अशा ठिकाणी तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये व्ही. किशन राव खटल्यात सांगितलं. बाकी बहुतेक दंत प्रकरणांत मात्र लेखी मत लागतंच. ते धुळ्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या दंत महाविद्यालयातल्या तार-विभागातून घेता येतं. तिथे गेल्यावर "कुणाची चूक?" असं विचारू नका. "आज तोंडाची स्थिती काय आहे आणि ती दुरुस्त करायला काय लागेल?" एवढं लिहून मागा. पहिल्या प्रश्नावर डॉक्टर आखडतात, दुसऱ्याचं उत्तर देतात आणि आयोगाला तेच उपयोगी पडतं.

"सही केली होती ना?"

संमतीपत्रावर सही आहे म्हणून सगळं संपलं, असं दवाखान्यात सांगितलं जातं. ते खरं नाही. 2008 च्या समीरा कोहली निकालानुसार संमती खरी ठरायला उपचार काय, दुसरे पर्याय काय आणि मोठे धोके कोणते हे रुग्णाला आधी समजावं लागतं. घरात अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या आईने इंग्रजी छापील कागदावर अंगठा किंवा सही केली असेल आणि कुणी काही समजावलं नसेल, तर त्या सहीची ताकद फार कमी होते. कोणत्या भाषेत, कुणी, काय सांगितलं हे आठवेल तसं आजच लिहून ठेवा. शिवाय कोणतीही सही हलगर्जीला माफी देत नाही.

कागद हातात नसतील तर काहीच नाही

पावत्या, हप्त्यांचे यूपीआय व्यवहार, तपासणीच्या तारखांचं कार्ड, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, तार लावण्याआधीचे घरगुती फोटो, हे सगळं तुमच्याकडे असतंच. रोख देऊन पावती न घेतलेल्यांनी निदान तारखा आणि रकमा लिहून काढाव्यात. दवाखान्याकडची फाइल, एक्स-रे आणि साचे मात्र मागावे लागतात. केस पेपरच्या प्रती रुग्णाला नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्ये रघुनाथ रहेजा खटल्यात स्पष्ट केलं. प्रती काढण्याचा खर्च तेवढा द्यावा लागतो. अर्ज लेखी द्या आणि पोहोच घ्या. भांडण होण्याआधी हा अर्ज गेला तर फाइल जशी आहे तशी मिळण्याची शक्यता अधिक.

आणखी एक. रागाच्या भरात तार दुसरीकडे जाऊन उपटून टाकू नका. आधी आजच्या स्थितीचे फोटो आणि एक्स-रे घ्या. एकदा तार निघाली की निम्मा पुरावा गेला.

दोन वर्षांची मुदत

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 नुसार तक्रार दोन वर्षांत दाखल करावी लागते. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. नुकसान लपलेलं असेल तर मुदत ते कळल्यापासून मोजण्याचा मार्ग आहे, त्याचीही मर्यादा मात्र एका खटल्यात दिसते. गोव्यातल्या एका सरकारी परिचारिकेचं 1993 मध्ये मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पोटात कापड राहिल्याचं 2002 मध्ये दुसऱ्या ऑपरेशनमध्ये कळलं आणि 2004 मध्ये तिने तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती मुदतबाह्य ठरवली, कारण इतकी वर्षं त्रास होत असताना परिचारिका असलेल्या बाईने विचारणा करायला हवी होती. मला हा निकाल कठोर वाटतो. पण दात हलत असताना "बघू पुढच्या महिन्यात" म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाने तो लक्षात ठेवावा.

सुरतचा डॉक्टर, नंदुरबारचा आयोग

जुन्या कायद्यात दवाखाना जिथे, तिथे जावं लागायचं. 2019 च्या कायद्याच्या कलम 34 ने तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागण्याची मुभा दिली. धडगावचा किंवा अक्कलकुव्याचा रुग्ण सुरतच्या डॉक्टरविरुद्ध नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार करू शकतो. नोटीस निघाली की उत्तर द्यायला समोरच्याला 30 दिवस, फार तर आणखी 15.

आयोगाचा अधिकार तुम्ही मोजलेल्या फीवर ठरतो, मागितलेल्या भरपाईवर नाही. फी 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर दाखल शुल्क शून्य. म्हणजे तारेची जवळजवळ प्रत्येक तक्रार विनाशुल्क दाखल होते. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. मूल अज्ञान असेल तर पालक तक्रार करतात. मूल आणि पालक दोघेही ग्राहक आहेत, हे स्प्रिंग मेडोज निकालाने 1998 मध्येच मान्य केलं. फीचा परतावा, दुरुस्तीच्या उपचारांचा खर्च, प्रवास, बुडालेली मजुरी, सोसलेला त्रास, हे सगळं मागता येतं, पण प्रत्येक आकड्याला कागद जोडा.

सर्वांनाच मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले असतील तर ग्राहक आयोगाचं दार बंद आहे. तिथे दिवाणी दावाच करावा लागतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबलेल्यांसाठी

2011 च्या जनगणनेत जिल्ह्यातले दहापैकी जवळजवळ सात लोक अनुसूचित जमातीचे होते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, सर्व स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, ग्राहक आयोगापुढच्या प्रकरणातही. म्हणजे या जिल्ह्यातल्या बहुसंख्य लोकांना वकिलाची फी हे कारणच उरत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

दंत परिषद, पोलीस आणि तडजोड

डॉक्टरच्या वागणुकीबद्दल तक्रार राज्य दंत परिषदेकडे करतात, आणि ती नोंदणी ज्या राज्यात आहे तिथे. सुरतच्या डॉक्टरसाठी गुजरातची परिषद. परिषद कारवाई करू शकते, भरपाई देत नाही. पोलीस ठाण्याचा रस्ता बहुतेकांनी घेऊ नये. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर गुन्हा ठरायला फार ढोबळ हलगर्जी लागते आणि तपासात आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं लागतं.

सगळ्यात आधी डॉक्टरलाच लेखी पत्र द्या. पुष्कळ प्रामाणिक डॉक्टर फी परत करतात किंवा तज्ज्ञाकडे स्वखर्चाने पाठवतात आणि मुलाला खरी गरज त्याचीच असते. फक्त परताव्याबरोबर "यापुढे कोणतीही तक्रार नाही" असा कागद पुढे आला तर दुरुस्तीचा खर्च कळेपर्यंत सही थांबवा.

आणि फाइल मागायला उशीर करू नका. दंतवैद्याने नोंदी जपायच्या त्या उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं. त्यातली दोन तार दातांवर असतानाच संपतात.